मंद्र सप्तकातले उत्तर

६ जानेवारी

चिरंजीव शंकासुरास,

मामाचा आशीर्वाद, आणि मामीचा तो कायमचा प्रश्न: वेळेवर जेवतेस ना? उत्तर लिहिताना आधी त्याचे लिही. नाहीतर माझे पत्र मला वाचू दिले जात नाही.

या वेळी कारण थोडे निराळे आहे. माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, ज्याला आपण अनामिका म्हणतो, ही दोन्ही गेले काही महिने गार पडत होती. थंडी असेल म्हणून मी मनावर घेतले नाही. मग ती पांढरी पडू लागली. आता करंगळीच्या टोकाला एक जखम झाली आहे आणि ती काही केल्या भरत नाही. येथील हाताच्या शल्यविशारदांनी हात उलटसुलट पाहून विचारले, "आजोबा, काय काम करत होता?" म्हटले, शाळेत शास्त्रे शिकवली आणि उरलेल्या वेळात जुन्या पोथ्या-पुस्तकांची बांधणी केली. "हातोडी वापरायचात?" म्हटले, छे, शिवलेल्या पानांवर हातोडी चालवणे म्हणजे पाप. तळहाताच्या या करंगळीखालच्या उंचवट्यानेच ठोकून कणा बसवायचा; चाळीस वर्षे तसेच केले. यावर ते म्हणाले, "म्हणजे हातच हातोडी झाला." त्या उंचवट्याखालून या दोन बोटांकडे जाणारी रक्तवाहिनी ठोके खाऊन खाऊन बुजली असावी, असा त्यांचा तर्क आहे. विद्येच्या सेवेत झालेली इजा म्हणून मला तिचा थोडा अभिमानच वाटला. मामीला तो वाटला नाही.

आता पेच असा. रक्त टोकापर्यंत थोडेफार पोहोचत असेल तर औषधे, मलम आणि ऊब यांवर भागेल. पोहोचत नसेल तर तळहात उघडून शिरेचा तुकडा जोडावा लागेल, आणि तेही उशिरा केले तर दोन्ही बोटे काढण्याची वेळ येईल. हे ठरवण्यासाठी शिरेतून बुडबुडे सोडून सोनोग्राफी करणार आहेत. हे ऐकून मामी खुर्चीतून उठलीच. "बुडबुडे? रक्तात? अहो डॉक्टर, सलाइनमध्ये एक बुडबुडा दिसला तर तुमच्या नर्सबाई नळीवर टिचक्या मारत बसतात, आणि तुम्ही मुद्दाम घालणार?" डॉक्टर नुसते हसले. तुझे काम या बुडबुड्यांचेच आहे ना? आजवर तू सांगितलेस आणि मी मान डोलावली. आता नीट समजावून सांग.

बोटांचा मोह का, असे विचारशील. या वयात बोटांनी मी काय मिळवणार! पण माझा जप पेरांवर चालतो, आणि त्याचा आरंभ अनामिकेच्या मधल्या पेरावर होतो. पहिली पायरीच काढून घेतली तर चढायचे कोठून, असे मनात येते. एवढेच.

तुझा,
मामा


११ जानेवारी

ती. मामांना शंकासुराचा साष्टांग,

मामी, जेवते. कालचा दिवस सोडून.

मामा, पत्र वाचून जीव घाबरला आणि लगेच थोडा शांतही झाला, कारण हाताचं कारण इतक्या चटकन ओळखणारे डॉक्टर तुम्हांला मिळाले आहेत. आता बुडबुड्यांविषयी. मामीची शंका रास्त आहे. शंका घेण्यात तिचा नंबर माझ्याही आधी लागतो. सलाइनमधला बुडबुडा हवेचा आणि मोठा असतो. हे बुडबुडे आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीहूनही लहान. आत रक्तात सहज न विरघळणारा एक जड वायू, वरून चरबीचं अतिशय पातळ कवच. रक्त जिथे जाईल तिथे हे जातात, आणि वाहिनीबाहेर पाऊल टाकत नाहीत. म्हणून ते जिथे सापडतील तिथे रक्त पोहोचलं, एवढं निश्चित.

ते सापडतात कसे, हीच खरी गंमत. यंत्र बोटाला एकापाठोपाठ एक दोन हाका घालतं, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या. दुसरी हाक पहिलीची तंतोतंत उलटी असते: पहिलीत जिथे दाब वाढतो तिथे दुसरीत घटतो. मांस, कातडी, स्नायू ही मंडळी प्रामाणिक पण अरसिक. जे ऐकलं तेच परत म्हणतात. त्यामुळे दोन्ही उत्तरांची बेरीज केली की ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि पडदा काळा राहतो. बुडबुड्याचं तसं नाही. दाब घटला की तो ऐसपैस फुगतो, पण दाब वाढला म्हणून तेवढाच आकसायला तयार नसतो. आतला वायू आणि वरचं कवच दोघंही आडून बसतात. म्हणून त्याची दोन उत्तरं एकमेकांना खात नाहीत. जे उरतं ते पडद्यावर उजळतं. जेवढं द्यावं तेवढंच आणि त्याच रूपात परत न करण्याच्या या स्वभावाला आम्ही अरेषीय म्हणतो. तुम्ही शिकवताना आम्हां मुलांतही असे दोन प्रकार असायचे: एक ओळ जशीच्या तशी म्हणणारे, आणि एक तुमची भाची.

माझं स्वतःचं काम याच्या थोडं पुढचं आहे. बोटातल्या वाहिन्या केसापेक्षाही बारीक असतात. त्या पाहायच्या तर स्वर फार वरचा लावावा लागतो, आणि इतक्या वरच्या स्वराला थोरले बुडबुडे दादच देत नाहीत. म्हणून आम्ही बुडबुड्यांची बाटली काही वेळ स्थिर ठेवतो. थोरले वर तरंगतात, आणि तळाशी राहिलेले धाकटे आम्ही जाड सुईने, अगदी हळू काढून घेतो. घाई केली की सुईतच फुटतात. त्या धाकट्यांची आणखी एक करामत आहे. ती पुढे कधीतरी सांगेन. माझ्या मार्गदर्शक बाईंचाच अजून तिच्यावर पुरता विश्वास नाही.

तुमच्याकडे मागणं एकच: तपासणीत हात हलवू नका.

तुमची,
शंकासूर


२५ जानेवारी

चिरंजीव भाचीस, भरल्या मनाने आशीर्वाद.

तपासणी झाली. काय लिहू! खोलीत मंद उजेड होता. माझा उजवा हात मऊ उशीवर पालथा ठेवला, चारही नखांच्या मागे गार जेल लावले आणि त्यावर एक अरुंद पट्टी आडवी टेकवली. डाव्या हाताला सुई. यंत्रावर बसलेल्या ताई वयाने तुझ्याएवढ्या, कामात तरबेज आणि बोलायला गोड. "आजोबा, आता अगदी गप्प पडून राहायचं हं." मी डोळे मिटले आणि नाम सुरू केले. थोड्या वेळाने राहवले नाही, डोळे उघडले. पडद्यावर चारही बोटे टोकापर्यंत उजळली होती! आणि सांगतो ते तुला खरे वाटणार नाही: तो प्रकाश एकसारखा नव्हता. तो माझ्या नामाच्या लयीत लुकलुकत होता. एक नाम, एक लुकलुक. आयुष्यभर नादाविषयी वाचले, शिकवले. पण नाद डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य मला त्या खोलीत लाभले. माझ्या डोळ्यांतून पाणी आले. ताई म्हणाल्या, "दुखतंय का?" म्हटले, "नाही हो, उलट."

डॉक्टरांनी चित्रे पाहून सांगितले की रक्त पोहोचते आहे. शस्त्रक्रियेची गरज नाही. मलम, गोळ्या आणि लोकरी हातमोजा. मामीने सगळ्या शेजारपाजाऱ्यांना ही वार्ता स्वतः पायी जाऊन दिली. आमच्या सायंकाळच्या वाचनमंडळात मी हा अनुभव सांगितला, तेव्हा साऱ्यांनी हात जोडले. निवृत्त पोस्टमास्तर, जे एरवी प्रत्येक वाक्याला "पुरावा काय?" विचारतात, तेही निमूट बसले.

त्या प्रकाशात तुझाही वाटा आहे. तुझे पत्र वाचलेले असल्यामुळे मी भ्यालो नाही. ती सारी चित्रफीत तुझ्याकडे पाठवावी, असे मी रुग्णालयात सही करून सांगितले आहे. तूही पाहा आणि धन्य हो.

मामा


३ फेब्रुवारी

ती. मामा,

फीत मिळाली. पाहते आहे. तुमचं पत्र प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर समोर ठेवलं आहे.

उगाच काळजी करू नका. पण दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जखम आता कशी दिसते? आणि तपासणीच्या वेळी तुमचा उजव्या हाताचा अंगठा कुठे होता? आठवत असेल तसं, जसंच्या तसं लिहा.

मामीला नमस्कार. जेवते.

शंकासूर


९ फेब्रुवारी

चिरंजीव शंकासुरास, आशीर्वाद.

तुझे चार ओळींचे पत्र वाचले. ओळी कमी, पण तुझ्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. एवढी शिकलेली, यंत्रांत वावरणारी माझी भाची अखेर जपाची रीत विचारते आहे! तर ऐक. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकवून आरंभ करायचा. मग तिचे खालचे पेर. तेथून करंगळीच्या तीन पेरांवर खालून वर. पुढे अनामिकेचे टोक, मधल्या बोटाचे टोक, आणि तर्जनी वरून खाली. दहा झाले. पुन्हा आरंभ. हात जराही हलवायचा नाही. केवळ अंगठ्याचा स्पर्श, फुलपाखरू बसावे इतका हलका. तपासणीच्या वेळीही तळहाताखाली अंगठा त्याचे काम करीत होताच. कोणाला दिसलेही नसेल. अर्धशतकाची सवय आहे. खरे तर मी जप करीत नाही, अंगठाच करतो आणि मी ऐकतो.

जखम ठीक आहे. काळजीचे कारण नाही.

मामा

ता. क. मी मामी लिहितेय. हे आंघोळीला गेलेत तोवर. ठीक कसली डोंबलाची! टोक काळं पडायला लागलंय आणि रात्रभर हात छातीशी धरून बसतात. विचारलं की म्हणतात, प्रकाश दिसला ना, मग धीर धर. मी धरते धीर, पण तो काळा डाग कुणी धरायचा? तू काहीतरी शोधते आहेस हे मला तुझ्या दोन प्रश्नांवरून कळलं. त्यांना कळलेलं नाही. जे असेल ते सरळ लिही गं. गोड करून लिहू नकोस, त्यांना साखर चालत नाही.


१३ फेब्रुवारी

ती. मामांना,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा लिहिताना ठरवलं की तुम्ही मला जसं शिकवलं तसंच लिहायचं: आधी जे दिसलं ते, मग त्याचा अर्थ, आणि आपलं मन सर्वांत शेवटी.

जे दिसलं ते असं. फीत सुरू होते तेव्हा बुडबुडे अजून तुमच्या शिरेत गेलेलेच नव्हते. तो भाग पूर्ण काळा असायला हवा होता. तो काळा नाही. चारही बोटं त्या आधीपासूनच लुकलुकत आहेत. बुडबुडे सोडल्यानंतर तर्जनी आणि मधल्या बोटात एक स्थिर, शांत प्रकाश हळूहळू भरत जातो आणि लुकलुक त्यात बुडते. अनामिकेत आणि करंगळीत तो स्थिर प्रकाश येतच नाही. तिथे शेवटपर्यंत फक्त लुकलुक आहे.

आता अर्थ. दोन हाकांची उत्तरं एकमेकांना खातात हे खरं, पण त्यासाठी दोन्ही हाकांच्या वेळी मांस जागच्या जागी असावं लागतं. मधल्या क्षणात ते केसाच्या एका अंशानं जरी सरकलं तरी बेरीज शून्य होत नाही, आणि मांसच बुडबुड्यासारखं उजळतं. तुमचा अंगठा पेराला टेकला की नखामागचं मांस तेवढं सरकत होतं. एक नाम, एक स्पर्श, एक लुकलुक. तुम्ही जे पाहिलं ते तुमचंच नाम होतं, मामा. यात तुमची चूक मुळीच नाही. पण ते रक्त नव्हतं.

चूक असलीच तर माझी. "हात हलवू नका" एवढंच लिहून मोकळी झाले. कारण सांगितलं असतं तर तुम्ही अंगठा स्वतःहून आवरला असता. कारण न सांगता आज्ञा करणं तुम्हीच कधी केलं नाहीत, आणि मी नेमकं तुमच्याशीच तसं वागले.

मी तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. फीत पहिल्यापासून पुन्हा पाहा, असं मी त्यांना सांगितलं. ते प्रांजळपणे म्हणाले, "मी सुरुवातीचा भाग पाहिलाच नव्हता. बरं झालं तुम्ही बोललात." थोर माणूस आहे. पुढच्या आठवड्यात दुसरी तपासणी ठरली आहे. उशीर करायला वेळ नाही.

या वेळी मी सांगितलेली ती करामत वापरायची. धाकट्या बुडबुड्यांना वरच्या स्वरात, पण नेमक्या जोराने हाक घातली, तर ते त्याच स्वराबरोबर बरोबर एक सप्तक खालूनही उत्तर देतात. तुम्ही मध्य सप्तकात म्हणा, ते मंद्रात म्हणतील. हाक फार हळू असेल तर ते गप्प राहतात, फार मोठी झाली तर फुटतात. मधली मर्यादा सांभाळली तरच बोलतात. हे खालचं उत्तर मांस कधीच देत नाही, हललं तरी देत नाही. म्हणजे त्या खालच्या स्वरात जे उजळेल ते रक्तच. माझ्या मार्गदर्शक बाईंनी इतके दिवस होकाराची मान हलवली नव्हती. तुमची फीत पाहून त्यांनी स्वतः बसून यंत्राची जुळणी लिहून दिली. ताईंकडे ती पोहोचली आहे.

आता मन. तुमच्या पत्रातली "नाद डोळ्यांनी पाहिला" ही ओळ वाचून मी खूप रडले. एका बाजूला तुमची दोन बोटं होती आणि दुसऱ्या बाजूला तुमचा तो प्रकाश, आणि मला त्यातलं एक विझवायचं होतं. रागावलात तरी चालेल. फक्त तपासणीला जा.

तुमची,
शंकासूर


२८ फेब्रुवारी

चिरंजीव, आणि आता खरोखर थोर झालेल्या माझ्या भाचीस,

तुला खोटे लिहिणार नाही. रागावलो. पत्र घडी करून पोथीखाली ठेवले आणि दिवसभर कोणाशी बोललो नाही. मामीने ताट पुढे केले तर म्हटले, भूक नाही. ती म्हणाली, "भुकेवर कसला राग? तिने काय पत्र लिहिलं?" मग ती माझ्यासमोर बसली आणि तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या हातात माझी दोन बोटे गरम होती आणि दोन नव्हती. ही तपासणी तिने यंत्राशिवाय कितीतरी दिवस केलेली असणार. मग मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचले. राग कशाचा होता ते शोधले, तेव्हा सापडले की तो तुझ्यावर नव्हताच. मला माझा चमत्कार हवा होता. शास्त्र शिकवताना मी मुलांना हजारदा सांगितले असेल की जे दिसते ते तपासून घ्या, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा दिसले तेवढे घेऊन घरी आलो! सायंकाळी वाचनमंडळात उभा राहिलो आणि सारे सांगून टाकले. पोस्टमास्तरांना वाचा फुटली. "म्हणजे गुरुजी, ती कृपा नव्हती म्हणायची?" म्हटले, "कृपा होती. मी पत्ता चुकीचा वाचला. ती पडद्यावर आली नव्हती, भाचीच्या शंकेत आली होती." त्यांनी यावर पुरावा मागितला नाही.

आता तपासणी. ताईंनी अंगठा बाजूला घेऊन मऊ पट्टीने उशीला बांधला. बिचाऱ्यांना संकोच वाटत होता. "आजोबा, मागच्या वेळी माझ्याही लक्षात यायला हवं होतं हो." म्हटले, "बाई, अंगठा माझा, सवय माझी. तुम्ही निर्धास्त बांधा." नाम मनात चालू ठेवले, मोजणी सोडली. सोडली असे मला वाटले! थोड्या वेळाने पाहतो तो पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर टेकतो आहे. मी ओशाळून ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "तो हलू दे, आजोबा. त्याचं चित्र नाही काढायचं." खोलीतली सारी हसली. मग मात्र मी खराच शांत झालो. न मोजता नाम घेतले. किती घेतले, देव जाणे. प्रथमच मला ठाऊक नाही.

या वेळी पडदा आरंभी काळा होता. बुडबुडे सोडले. तर्जनीत एक मंद उजेड आला, मग मधल्या बोटात. पहिल्या दिवसासारखा झगझगीत नव्हे, ओल झिरपावी तसा. बाकी दोन बोटे काळीच राहिली. मला त्या काळ्या जागेची भीती वाटेल असे वाटले होते, पण वाटली नाही. ती जागा माझ्याशी खरे बोलत होती.

डॉक्टर म्हणाले, "आणखी पंधरवडा गेला असता तर शिवायला काही उरलं नसतं." उद्या तळहात उघडणार आहेत, दंडातल्या शिरेचा तुकडा घेऊन बुजलेल्या वाहिनीच्या जागी शिवणार. शिवणे मला ठाऊक आहे. त्यांना विचारले, "कोणता टाका घालता?" त्यांनी अगदी गंभीरपणे हवेत बोटाने काढून दाखवला, आणि म्हणाले, सुई पापणीच्या केसापेक्षा बारीक असते. आता मला त्यांची भीती वाटत नाही. आम्ही एकाच धंद्यातले निघालो.

पुढचे पत्र कोणाच्या हातचे येईल, सांगता येत नाही. जे होईल ते होवो. तू माझा प्रकाश विझवलास असे लिहिलेस. बाळ, तू दिवा सरकवून योग्य जागी ठेवलास. या हाताने लिहिलेला हा आशीर्वाद पूर्ण शुद्धीत, पूर्ण मनाने.

मामा


४ मार्च

ती. मामांना आणि मामीला,

मामी, फोनवर तुझा आवाज ऐकला आणि त्यानंतर दोन वेळा पोटभर जेवले. हात गरम झाला म्हणालीस. तेवढं एक वाक्य पुरे.

मामा, मामी तुम्हांला वाचून दाखवेल म्हणून लिहिते. लहानपणी तुम्ही निरूपण करत असताना मी मध्येच "कशावरून?" म्हणायची आणि सगळे माझ्याकडे डोळे वटारायचे. तुम्ही मात्र थांबायचात. पोथीवर बोट ठेवून, उत्तर माहीत नसेल तर "पाहू या" म्हणायचात आणि खरोखरच पाहायचात. आमच्या प्रयोगशाळेत चेहरा गोरामोरा होऊ न देता "मला यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय" असं म्हणायला मोठं धैर्य लागतं, आणि ते मला लागत नाही, कारण माझी पहिली शंका कुणी हाणून पाडली नाही. माझ्या बाई काल म्हणाल्या, "एवढा धीर कुठून आणलास?" मी म्हटलं, आजोळाहून.

शंकासूर


११ एप्रिल

चिरंजीव शंकासुरास,

हे पत्र मी सांगतो आहे आणि मामी लिहिते आहे. उजव्या हाताला अजून लेखणी धरायची परवानगी नाही. (डाव्या हाताने चहाचा कप मात्र उत्तम धरतात. मामी.) मामीने मध्ये मध्ये आपले लिहू नये, असे मी सांगितले आहे. (सांगितलं आहे.)

दोन्ही बोटे वाचली. करंगळीचे टोक, नखाच्या अर्ध्यापर्यंत, ठेवता आले नाही. ते आधीच गेलेले होते. तेवढे मी आनंदाने दिले. अनामिका पूर्ण आहे, गुलाबी आहे आणि तिला गार-गरम कळते. (परवा कपाचा चटका बसला तर ओरडण्याऐवजी हसले. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.) काल शिवण पाहण्यासाठी तीच तपासणी तिसऱ्यांदा झाली. अंगठा न बांधता ठेवा म्हटले. ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि ठेवला. तो हलला नाही.

पडदा काळा होता. मग तर्जनी, मग मधले बोट, आणि मग थोडा वेळ काहीच नाही. मामीने माझा खांदा धरला. आणि तळहाताच्या बाजूने, जेथे डॉक्टरांनी शिवले तेथून, तो मंद उजेड अनामिकेत वर चढू लागला. घाई नाही, लुकलुक नाही. करंगळीतही आला आणि जेथे आता ती संपते तेथपर्यंत जाऊन थांबला. खालच्या सप्तकातले उत्तर! मी ते ऐकू शकत नव्हतो, पण तुझ्या पत्रामुळे मला ठाऊक होते की ते गाणे आहे. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. (थाप नव्हे, मिठी. हे सांगायला लाजतात.)

सारे आवरल्यावर मी ताईंना विचारले, "आता हे बुडबुडे बाहेर कसे काढणार?"

"काढायचे नाहीत, आजोबा. ते आपोआप विरतात. आतला वायू फुप्फुसात जातो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. तुम्ही बोलताय ना, त्यात निम्मे गेलेसुद्धा."

मी एकदम तोंड मिटले. ज्यांनी माझ्या बोटांच्या टोकापर्यंत जाऊन साक्ष दिली, ते माझ्याच तोंडावाटे निघून चालले होते, आणि मी त्यांना साधा नमस्कारही केला नव्हता. ओळख ना देख. आले, खरे बोलले आणि गेले. मग मी सावकाश, लांब श्वास सोडला आणि त्या श्वासावरच मोठ्याने म्हटले, "फार उपकार झाले."

ताईंना वाटले, त्यांना म्हटले. त्या म्हणाल्या, "अहो, माझे कसले!" डॉक्टर दारातून वळले आणि मान लववून गेले. मामीला वाटले, तिलाच. ती म्हणाली, "पुरे आता, चपला घाला." (वाटलं नव्हतं, मलाच होतं ते.)

मी कोणाचीच समजूत दुरुस्त केली नाही. तुझीही करणार नाही.

मामा